लेक गेली, जावई राहिला

तोचिसावाच्या बसथांब्यावर उतरून कुणी 'तोचिया'चा रस्ता विचारला, की गावातली माणसं हात लांब करून सांगतात, "पूल ओलांडा आणि वर चढत राहा. लेक गेली नि जावई राहिला, ते घर." नव्या पाहुण्याला काही कळत नाही. ज्याच्याबद्दल हे बोललं जातं तो इसामु तिथेच पाहुण्याची बॅग उचलत असतो, आणि तो नुसता हसतो. हसण्यापलीकडे त्याला काही येत नाही, असं गावाचं मत आहे.

डोंगरातली एक म्हण आहे: घरात पसाभर कोंडा असेल तोवर घरजावई होऊ नये. इसामुच्या घरी कोंड्यापेक्षा बरंच जास्त होतं. समुद्रकाठी दोन खोल्यांचं घर होतं, बापाची होडी होती. पण होडी एक आणि मुलगे दोन. होडी थोरल्याची, मोरिओची. धाकट्यानं आपलं आपण बघायचं, ही तिकडची रीतच. त्यात इसामुला तोचियाची एकुलती लेक चिनात्सु आवडली, आणि तिच्या आईबापांना गरम पाण्याच्या झऱ्यावरचं हे पाहुणेघर पुढे चालवणारा कुणी हवा होता. लग्नाच्या कागदावर शिक्का पडला त्याच दिवशी दत्तकाच्या कागदावरही पडला. सकाळी हामुरा इसामु डोंगर चढला, संध्याकाळी तो तोचिओ इसामु झाला. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

नऊ वर्षं संसार झाला. मग एका सकाळी चिनात्सुनं चहा पिता पिता सांगितलं, "माझा इथे जीव गुदमरतो. मी साप्पोरोला चाललेय. तुझ्यावर राग नाही." आणि खरंच गेली. त्या घरात सरळ तोंडावर बोलणारी ती एकटीच होती, म्हणून सुटलीही ती एकटीच.

घटस्फोटाचे कागद द्यायला इसामु खाली कचेरीत गेला, तेव्हा तिथल्या कारकुनानं ते वाचले, पुन्हा वाचले, आणि अवघडून म्हणाला, "लग्न मोडलं साहेब. पण दत्तक काही मोडलं नाही. तो कागद वेगळा असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही अजून तुमच्या सासऱ्यांचे, गेंझोंचे, चिरंजीव. आणि त्या बाई आता तुमच्या... बहीण लागतात."

गावानं ही गोष्ट वर्षभर पुरवून पुरवून खाल्ली. इसामुनं त्याच दिवशी तो वेगळा कागद मागून घेतला. घरी येऊन आपला भाग भरला, तारीख घातली, सहीच्या जागी नावाचा शिक्का मारला. आता त्यावर गेंझो आणि कियोनो, म्हणजे सासरे आणि सासूबाई, या दोघांचे शिक्के हवे होते. पण तो आठवडा लाल पानांच्या हंगामाचा होता आणि घर पाहुण्यांनी भरलं होतं. अशा वेळी कसं विचारायचं? मग बर्फ पडायला लागलं. मग गेंझोंना छातीचं दुखणं आलं. म्हाताऱ्याच्या उशाशी बसून "मला तुमच्यातून मोकळं करा" म्हणणारा माणूस इसामु नव्हता. कागद मोज्यांच्या खणात तळाशी गेला आणि तिथेच राहिला. त्यालाही आता आठ वर्षं झाली.

आणि पाण्याचं तर विचारूच नका. झऱ्याचं पाणी ऐंशी अंशांचं, आणि त्यात गार पाणी मिसळायचं नाही हा तोचियाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हट्ट. ते लाकडी पन्हळीतून उतारावरून खेळवत आणायचं. थंडी वाढली की पन्हळीवर फळ्या टाकायच्या, ऊन पडलं की काढायच्या, आणि कुंडात पडताना ते अंगाला सोसेल इतकंच गरम राहिलं पाहिजे. शिवाय पाण्यात गंधक. दोन दिवस साका खरवडला नाही तर पन्हळ तुंबते. पाण्याला रविवार नाही, सण नाही. आई वारली तेव्हाही इसामु पहाटेच्या बसनं गेला आणि शेवटच्या बसनं परत आला. आठ वर्षांत त्यानं एक रात्र बाहेर काढली नव्हती. त्याच्या कपड्यांत, केसांत, नखांत गंधक मुरलं होतं. खाली शहरात दुकानात शिरला की दुकानदार मागे न वळताच विचारायचा, "वरून आलात वाटतं?"

हिवाळ्यात तर घराच्या खिडक्यांवर बाहेरून फळ्या ठोकतात, नाहीतर बर्फाच्या भारानं काचा फुटतात. डिसेंबरपासून एप्रिलपर्यंत आत दिवसाही दिवे लागतात. छपरावरचं बर्फ ओढायला इसामु वर चढायचा तेव्हाच काय ते आकाश दिसायचं, आणि वळणापर्यंतचा रस्ता. वळणाच्या पुढचं दिसत नसे. तो फावडं टेकून थोडा वेळ त्या वळणाकडे बघत राही. खालून कियोनोंची हाक आली की पुन्हा फावडं मारायला लागे.

या वर्षी जानेवारीच्या शेवटी मोरिओचा फोन आला. मोरिओ समुद्रातल्या दोरांवर शैवाल वाढवायचा. मार्चमध्ये ते कापून काढायची वेळ येते.

"माझी कंबर गेली," मोरिओ म्हणाला. "डॉक्टर म्हणतो, होडीवर चढायचं नाही. येतोस का?"

इसामुनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "कायमचा?"

"नाहीतर काय पाहुणचाराला? होडी तुझी. पण नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हण. शेजारचा विकत मागतोय. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सांग, मग मी थांबणार नाही."

"सांगतो," इसामु म्हणाला.

"तू सतरा वर्षं 'सांगतो'च म्हणतोयस," म्हणून मोरिओनं फोन ठेवला.

त्या दिवशी इसामुनं खणातून कागद काढला, घडी करून अंगरख्याच्या रुंद बाहीत घातला, आणि दहाच्या चहाला बसला. जेवणघराच्या मागे छोट्या खोलीत गोधडी घातलेलं बुटकं मेज होतं, खाली शेगडी. तिघं तिथे पाय घालून बसत. सकाळचे पाहुणे जाऊन दुपारचे यायच्या आत तेवढाच वेळ त्यांचा असे.

"बाबा, जरा बोलायचं होतं," इसामु म्हणाला.

गेंझोंनी कप खाली ठेवला. "बोल की."

"म्हणजे, मार्चबद्दल."

कियोनो सावरून बसल्या. "मार्चचं काय?"

त्यांनी इतक्या अपेक्षेनं बघितलं, की इसामुला वाटलं, मार्चमध्ये आपण वरच्या मजल्याच्या चटया बदलणार होतो तेच यांच्या मनात आहे. बाहीतला कागद हाताला लागत होता. तो म्हणाला, "चटया. मार्चमध्ये बदलायच्या का?"

"हां, चटया," कियोनो म्हणाल्या, आणि मुळ्याच्या लोणच्याची बशी उगाच त्याच्याकडे सरकवली. "तू म्हणशील तसं."

"नाही, तुम्ही म्हणाल तसं."

"मलाही एक बोलायचं होतं," गेंझो मध्येच म्हणाले. दोघं त्यांच्याकडे वळले. गेंझोंनी आधी बायकोकडे पाहिलं, मग जावयाकडे. मग घसा साफ केला. "पन्हळीच्या तिसऱ्या वळणावरची फळी कुजलीय. बदल जमलं तर."

"बदलतो," इसामु म्हणाला. आणि उठून खरंच फळी बदलायला गेला. बर्फात गुडघ्यापर्यंत उभा राहून त्यानं स्वतःला इतक्या शिव्या घातल्या, की पाहुण्यांनी ऐकल्या असत्या तर पुन्हा आले नसते. मला जायचंय, एवढंच तर वाक्य. सात वर्षांचं पोरसुद्धा म्हणेल.

त्याच आठवड्यात ओगाताबाई आल्या. या निवृत्त शाळामास्तरीण. गुडघ्यांसाठी दर हिवाळ्यात येऊन चौदा दिवस राहायच्या, दिवसाला तीनदा कुंडात उतरायच्या. तीस वर्षं येत असल्यानं त्यांना कुणी पाहुणे मोजतच नसे. त्या इसामुला 'धाकटे मालक' म्हणायच्या, आणि त्या म्हणण्यात थोडी चेष्टा असायची.

"धाकटे मालक, यंदा तुमचं तोंड आंबलेल्या मुळ्यासारखं का झालंय?"

"थंडी फार आहे ना बाई."

"थंडी दर वर्षी असते. तोंड यंदाच असं आहे."

ओगाताबाईंचं एवढ्यानं समाधान होणार नव्हतं. चाळीस वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाई होत्या त्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे गेले आणि इसामु पुरुषांचं कुंड रिकामं करून घासायला बसला. पुरुषांच्या आणि बायकांच्या कुंडांमध्ये देवदाराच्या फळ्यांची भिंत आहे. ती छपरापर्यंत जात नाही; वर हातभर जागा वाफेला मोकळी सोडलेली असते. पलीकडे ओगाताबाई पाण्यात होत्या, आणि त्यांची पाठ चोळायला कियोनो गेल्या होत्या. तिथली रीत अशी, की माणसं अंगावर कपडे असताना खरं बोलत नाहीत. कपडे उतरवून गरम पाण्यात बसली की मात्र जे नवऱ्याला सांगितलं नाही ते शेजारणीला सांगतात. इसामु आपला ब्रश मारत होता.

"कियोनो, तू किती बारीक झालीस गं," बाई म्हणत होत्या. "किती दिवस ओढणार हा गाडा?"

"कुणाला हौस आहे ओढायची?" कियोनोंचा आवाज आला. "आठ वर्षं झाली मला दार लावायचंय, बाई. यामागाता शहरात माझी बहीण आहे. तिच्या खालचं घर रिकामं आहे, हॉस्पिटल दोन गल्ल्यांवर. डॉक्टर यांना म्हणतो, बर्फात राहिलात तर हृदय साथ देणार नाही."

इसामुचा ब्रश थांबला.

"मग लाव की दार," बाई म्हणाल्या. जरा मोठ्यानंच म्हणाल्या.

"आणि पोराचं काय? त्यानं आमच्यासाठी नाव सोडलं. बापाचं घर सोडलं. आमच्या लेकीनं त्याला टाकलं. आता आम्हीही म्हणायचं, की जा बाबा, तुझी गरज संपली? कुठल्या तोंडानं म्हणू?"

"त्याला जायचंच असेल तर?"

"तर तो बोलला असता ना. यांनी तर चिनात्सु गेली त्याच महिन्यात त्याच्या सुटकेचा कागद आणला, दोघांचे शिक्के मारले, आणि देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. म्हणाले, पोरगा मागेल त्या क्षणी हातात द्यायचा, एक शब्द विचारायचा नाही. आठ वर्षं वाट बघतोय. मागतच नाही. मग आम्ही समजलो, त्याचा जीव या जागेत गुंतलाय. त्याच्यासाठी म्हणून चालवतोय हो. नाहीतर या वयात मी पहाटे चारला उठून पन्नास वाट्या सूप कशाला केलं असतं?"

"विचारलंस का त्याला कधी?"

"विचारायचं कसं? विचारलं तर त्याला वाटेल, हाकलतायत."

पलीकडे पाणी डुचमळलं. "भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही," ओगाताबाई म्हणाल्या. "तुम्ही तिघं एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' म्हणत उंबऱ्यातच गोठणार एक दिवस."

इसामु कोरड्या कुंडाच्या तळाशी गुडघ्यांवर बसून होता. पहिल्यांदा त्याला इतका आनंद झाला, की ओरडावंसं वाटलं. सुटलो. दार उघडंच होतं. आणि मग लगेच, श्वास घ्यायलाही सवड न देता, राग आला. आठ वर्षं! आईला अग्नी दिल्यावर तो तासाभरात बसकडे पळाला होता, कारण पन्हळ तुंबेल. कुणासाठी? या म्हाताऱ्यांसाठी. आणि म्हातारी माणसं चारला उठत होती, ती कुणासाठी? त्याच्यासाठी. त्यानं ब्रश उचलला आणि घासलेली फरशीच पुन्हा घासायला लागला.

आता तरी सोपं झालं, असं वाटेल कुणालाही. नुसतं मागायचं. पण दहाच्या चहाला तो बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की प्रकरण आधीपेक्षा अवघड झालंय. आता "मला जायचंय" म्हटलं, तर पुढचा प्रश्न येणार: कधीपासून? खरं सांगितलं, तर या दोघांना कळणार की आठ वर्षं त्यांनी आपली हाडं झिजवली ती फुकट. ज्याच्यासाठी झिजवली, तो मनातून रोज निघून जात होता. कियोनोंनी त्याच्या वाढदिवसाला केलेला लाल भात, गेंझोंनी त्याला दिलेली स्वतःच्या बापाची कुऱ्हाड, सगळ्यावर पाणी पडणार. म्हणजे पूर्वी तो त्यांना सोडून जाता येत नाही म्हणून अडकला होता, आणि आता राहायची गरजच नव्हती हे सांगता येत नाही म्हणून. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तो चहा प्यायला आणि फळ्या टाकायला निघून गेला.

असे दोन दिवस गेले. मग पाच दिवस. फेब्रुवारी उजाडून आठवडा झाला. इसामुला झोप लागेना. खिडकीवरच्या फळ्या आतून मोजून झाल्या, छताच्या मोजून झाल्या. श्वास घेतला तरी पुरा घेतल्यासारखा वाटेना, आणि चिनात्सु गुदमरणं कशाला म्हणत होती ते त्याला कळलं.

नऊ तारखेला वादळ आलं. सकाळी फोनवर फोन आले: रस्ता बंद, पाहुणे रद्द. आदल्या दिवशीचे आधीच उतरून गेले होते. घरात ओगाताबाई तेवढ्या राहिल्या. बर्फ दाराच्या अर्ध्यापर्यंत आलं आणि ते उपसणंही व्यर्थ झालं. इसामु दुपारी पन्हळीवरून परत आला तो भुवयांपर्यंत पांढरा.

गेंझो दारातच उभे होते, खांद्यावर पंचा टाकून. "आज कुणी नाही. चल, आज आपणच पाहुणे होऊ."

मालकांनी पाहुण्यांच्या आधी कुंडात उतरायचं नाही, ही त्या घराची शिस्त. सतरा वर्षांत दोघं भर दिवसा असे कधी बसले नव्हते. इसामुनं छोट्या बाकावर बसवून त्यांची पाठ चोळली. पाठ कसली, मणक्यांची माळ. चोळताना हात हलका ठेवावा लागत होता.

"जोर लाव की," गेंझो म्हणाले. "मोडत नाही मी."

मग दोघं पाण्यात उतरले. वाफेत एकमेकांचे चेहरे अर्धेच दिसत होते. भिंतीपलीकडे बायकांचं बोलणं चालू होतं, ओगाताबाई कियोनोंना गुडघ्याचा कुठलासा व्यायाम शिकवत होत्या. पाणी अंगाला लागलं आणि इसामुच्या मानेतली, जबड्यातली कितीतरी दिवसांची गाठ सैल झाली. आता बोललो नाही तर मेलो, असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं.

"बाबा," तो म्हणाला, "मला जायचंय."

गेंझोंनी मान वर केली.

"घरी. समुद्रावर. दादाची कंबर गेलीय. होडी घ्यायला बोलावतोय."

पलीकडचा व्यायाम थांबला.

गेंझोंनी दोन्ही हातांत पाणी घेऊन तोंडावर मारलं. मग पुन्हा मारलं. "कधीपासून वाटतंय तुला असं?"

हाच तो प्रश्न. इसामुनं भिंतीकडे पाहिलं. पलीकडे कियोनो श्वास रोखून बसल्या असणार, हे त्याला दिसल्यासारखं कळत होतं. आठ वर्षं जिभेवर होती. बाहेर काढली असती तर क्षणभर बरं वाटलं असतं.

"दादाचा फोन आला तेव्हापासून," तो म्हणाला. "त्याआधी कधी मनातसुद्धा आलं नव्हतं."

गेंझोंनी मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिले. "बरं झालं बोललास," ते म्हणाले. "कारण आम्हालाही आत्ता, या हिवाळ्यातच, वाटायला लागलं होतं, की दार लावावं. अगदी आत्ताच. त्याआधी नाही."

"या हिवाळ्यातच ना?"

"या हिवाळ्यातच."

दोघंही समोरासमोर बसून धडधडीत खोटं बोलले, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. पलीकडे कुणीतरी नाक शिंकरलं.

संध्याकाळी तिघं मेजाभोवती बसली. कियोनोंचे डोळे लाल होते. गंधकामुळे होतात, त्या म्हणाल्या. "कागद लागेल ना रे त्याला? दत्तक मोडायचा."

देव्हारा त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर होता. खणात शिक्के मारलेला कागद होता. पण त्यावरची तारीख आठ वर्षांपूर्वीची.

"हो, लागेल," इसामु म्हणाला. त्याचा कागदही पुन्हा भिंतीपलीकडच्या खोलीत मोज्यांखाली गेला होता. त्यावरही तारीख आठ वर्षांपूर्वीचीच. "कचेरीत मिळतो म्हणतात. रस्ता उघडला की आणतो."

"आण बाबा. आमच्याकडे कुठला असायला."

"माझ्याकडेही कुठला."

दुसऱ्या सकाळी तो आपला जुना कागद घेऊन स्वयंपाकघरात गेला, चुलीत टाकावा म्हणून. चुलीपुढे कियोनो उकिडव्या बसल्या होत्या, हातात चिमटा. त्याला बघून त्या घाईनं उठल्या. "काही जाळायचंय? जाळ. विस्तव छान झालाय आत्ता," म्हणाल्या, आणि त्याच्या हाताकडे न बघता तांदूळ धुवायला वळल्या.

रस्ता उघडायला दोन दिवस लागले. कचेरीत तोच कारकून होता, आता टकला झालेला. "तुम्ही मागे एकदा नेला होता ना हा?" त्यानं विचारलं. "हरवला," इसामुनं सांगितलं. परतीच्या बसची वाट बघताना त्यानं मोरिओला फोन केला. "येतो," एवढंच म्हणाला. मोरिओनं आधी बस कधीची ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "उबदार कपडे आण. समुद्रावर वारं असतं, विसरला असशील."

बारा तारखेला दहाच्या चहाला कागद मेजावर आला. साक्षीदार दोन लागतात. एकाची सही इसामु खालून पोस्टमास्तरांकडून घेऊन आला होता. दुसऱ्या म्हणून ओगाताबाईंना बोलावलं. त्या चष्मा लावून ऐसपैस बसल्या आणि सगळा कागद परीक्षेचा पेपर तपासावा तसा वाचायला लागल्या. गेंझोंनी शिक्का मारला होता. कियोनोंनी मारला होता. तारखेच्या जागी कियोनोंनी त्या दिवसाची तारीख घातली होती. अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलं होतं.

"दोन्ही बाजूंची संमती," ओगाताबाईंनी मोठ्यानं वाचलं. "बारा फेब्रुवारी." त्यांनी चष्म्यावरून एकेकाकडे पाहिलं. "संमती आजचीच ना? साक्षीदाराला खोट्यावर सही करता येत नाही."

"आजचीच," इसामु म्हणाला.

"आजचीच हो बाई," कियोनो म्हणाल्या.

गेंझोंनी नुसती मान हलवली.

"चाळीस वर्षं मी मुलांची खोटी कारणं ऐकली," ओगाताबाई म्हणाल्या. "त्या दिवशी कुंडात मी मुद्दाम मोठ्यानं बोलत होते, ब्रशचा आवाज थांबला तेव्हा. तरी तुम्हाला इतके दिवस लागले." त्यांनी सही केली, कागद इसामुकडे फिरवला, आणि गुडघे धरत उठल्या. कुंडात जायची वेळ झाली होती.

इसामुनं शिक्का शाईच्या डबीवर टेकवला. शिक्क्यावर तोचिओ हेच नाव होतं. ते नाव मोडायचं तर त्याच नावाचा शिक्का मारायचा. त्यानं मारला. नाव स्वच्छ उमटलं. आता कागदानुसार बघायला गेलं तर चिनात्सु गेल्यापासून आजपर्यंत तो या घरात सुखानं राहिला होता, आणि आज सकाळी त्याच्या मनात जायचं आलं होतं. त्यानं शिक्का पुसून डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं, आणि त्याला रडू फुटलं. आवाज न करता रडायचा प्रयत्न त्यानं केला, पण ते जमलं नाही.

कियोनोंनी चहाचा कप त्याच्यासमोर सरकवला आणि हात तसाच कपाजवळ ठेवला.

"काय झालं?" गेंझोंनी विचारलं.

कागदावरची शाई अजून ओली होती. इसामुनं बाहीनं डोळे पुसले.

"आठ वर्षं गेली, बाबा," तो म्हणाला.

गेंझो खिडकीकडे बघत होते, जिच्यावर बाहेरून फळ्या ठोकलेल्या होत्या.

"हो," ते म्हणाले. "आमचीही."